नदीकाठची वाट: फरशी, मुरूम की आहे तशीच राहू दे?

सोनटक्का (धागाकर्ता)

राहायला पुण्यात, औंधात. रामनदी मुळेला मिळते त्या अंगाला रोज पहाटे चक्कर मारतो, सोळा वर्षं झाली. वाट म्हणजे काय, तर म्हशीवाल्यांनी आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी तुडवून केलेली. जून ते सप्टेंबर बंद, ऑक्टोबरात चिखल वाळला की पुन्हा सुरू.

नदीकाठ सुधार योजना सगळ्यांना माहीत आहेच. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, ११ टप्पे, खर्च ४,७०० कोटींच्या घरात. भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. आराखडा साबरमतीचा काठ करणाऱ्या वास्तुरचनाकार बिमल पटेल यांच्या एचसीपी या संस्थेचाच. संगम ते बंडगार्डनच्या बाजूला काय झालंय ते सगळे पाहतातच. आता चर्चा आमच्या दाराशी आलीय आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. "परदेशासारखं" पाहिजे म्हणणारे आणि "काडीला हात लावू नका" म्हणणारे. मधल्यामध्ये सूचनांचं अर्ध्या पानाचं पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण मी निवृत्त आहे.

म्हणून प्रश्न साधा आहे. काठ सुधारायचाच असेल तर चालायची वाट कशी असावी? वर की खाली, कशाची, किती रुंद, कुठून उतरायचं? योजना हवी की नको यावर कृपया मारामाऱ्या नकोत, त्यासाठी आमचा ग्रुप पुरेसा आहे.

पाणसाप

पहिला. खुर्ची टाकून बसलोय.

कट्ट्यावरचा

वाट कशीही करा, सोबत नाकाला लावायला रुमाल मोफत द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये जलपर्णीचा गालिचा असतो, त्यावरून चालत पलीकडे जाता येईल असं वाटतं. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंढवा-केशवनगरकडे डासांचा वावटळीसारखा खांब उभा राहिला होता, तो व्हिडिओ आमच्या अमेरिकेतल्या भाच्याने आम्हाला पाठवला. आधी पाणी, मग फरशी.

पाणसाप

काठावर पाटी लावावी: "नदीत पाणी टाकू नये. सांडपाणी पातळ होते. आज्ञेवरून."

तिरफळ

@पाणसाप, ठार मेले :)

@कट्ट्यावरचा, सांडपाण्याची योजना वेगळी आहे. जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेच्या कर्जातली, ११ शुद्धीकरण केंद्रांची, करार २०१६ च्या जानेवारीतला. काठ सुधारण्याचं काम आणि हे काम ही दोन वेगळी खाती. म्हणजे कागदावर दोन्ही चालू आणि नाकाला एकही कळत नाही.

सोनटक्का

अहो मंडळी, वाट!

स्थापत्यबुवा

धागाकर्त्यांची क्षमा मागून थोडं लांबचं लिहितो, कारण वर की खाली या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पाटबंधाऱ्यात चौतीस वर्षं काढली.

पुण्याच्या पूररेषा आखल्या आहेत त्या मुठेच्या विसर्गावर. निळी रेषा ६०,००० क्युसेकची (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी), पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. लाल रेषा १,००,००० क्युसेकची, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. हे "एकदा" म्हणजे एसटीचं वेळापत्रक नव्हे. पंचवीस वर्षांनीच येतो असं नाही, दर वर्षी चार टक्के शक्यता, एवढाच अर्थ. आता २५ जुलै २०२४ आठवा. खडकवासल्यातून ३५,००० च्या आसपास सोडलं होतं आणि सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली. म्हणजे निळ्या रेषेच्या विसर्गाच्या पुष्कळ अलीकडेच. कारण आकडा धरणाच्या दारापाशी मोजतात. खाली येईस्तोवर ओढे-नाले मिळतात, त्यात पात्रात टाकलेला राडारोडा आणि पुलांचे खांब.

दुसरं, फुगवटा. संगमावर मुळाही तुडुंब असेल तर मुठेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढतं. धागाकर्त्यांच्या रामनदीचंही तसंच. मुळा चढली की रामनदीचं पाणी तोंडाशी अडतं आणि मागच्या वस्तीत शिरतं. अशा तोंडाशी भराव घालून वाट उंच करणं म्हणजे बाटलीच्या तोंडात अंगठा घालणं.

म्हणून माझं मत: भराव टाकून वाट करायची असेल तर तो भराव पात्रातली जागा खाणार. वाट जमिनीच्या आहे त्याच पातळीला ठेवा. बुडू दे तिला.

वाळुंज

बुवा, "बुडू दे तिला" हे चौकटीत लावायला हवं. पूर्ण सहमत.

रामनदी-मुळेच्या त्याच संगमाच्या काठावर वाळुंजाची जुनी झाडं आहेत. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय. पाण्यात महिनाभर पाय बुडवून उभं राहणारं झाड आहे ते. सोबत करंज, उंबर. याद्यांमध्ये "झाडे काढणार इतकी, लावणार तितकी" असं लिहिलेलं असतं. पण नदीकाठचं झाड काढून दुसरीकडे डोंगरउतारावर लावलं तर ते हिशेबात बसतं, काठावर नाही. मुळं काठ धरून ठेवतात. तो धरलेला काठ दुसरीकडे कसा लावणार? २०२३ च्या एप्रिलमध्ये संभाजी बागेपासून चिपको मोर्चा निघाला होता त्यात मी होतो. उन्हात माणसं अपेक्षेपेक्षा खूप आली होती.

मावशी_बाणेर

वाळुंज, भावना पोचल्या. पण त्या वाटेवरून संध्याकाळी साडेसहानंतर एकदा बाईमाणूस होऊन चालून दाखव. दिवा नाही, माणूस नाही, झाडीत बाटल्या. मला काँक्रीटचं प्रेम नाही, पण "निसर्ग" म्हणून जे जपताय ते निम्म्या गावाला बंद आहे.

पेठेतली_मनू

मावशींना अनुमोदन, आणि बुवांच्या पुराच्या मुद्द्यावर एक घरची गोष्ट.

आजी पानशेतच्या वेळी नारायण पेठेत. १२ जुलै १९६१. धरण फुटलं ही आरोळी आली तेव्हा तिने भात लावलेला होता. पोरांना घेऊन पळाली. पाचव्या दिवशी परत आली तर घर उभं, आत गुडघाभर गाळ. आमच्याकडे अजून एक पितळी डबा आहे. तिने तो चिंच लावून कितीदा घासला, पण झाकणाच्या आतल्या कडेच्या वळणात काळी रेघ राहिलीच. मी लहानपणी नखाने खरवडायचे, ती म्हणायची, "राहू दे, ती मुठा आहे."

त्यामुळे मला कुणी चित्रात नदीकाठी कॅफे, कारंजी आणि फुगे घेतलेली मुलं दाखवली की मी आधी गाळ कुठे जाणार ते शोधते. चित्रात गाळ कधीच नसतो.

पाणसाप

(या प्रतिसादावर विनोद करणार नाही.)

रेवा_अमदावाद

इथे साबरमतीचं नाव निघालं म्हणून लिहिते. जन्म बडोद्याचा, गेली वीस वर्षं अमदावादेत. रिव्हरफ्रंट आम्हाला आवडतो, खोटं का बोलू. २०१२ मध्ये खालचा फिरायचा पट्टा सुरू झाला तेव्हापासून सासरे रोज जातात. उन्हाळ्यात रात्री दहालाही बायका-मुली बिनधास्त असतात. मावशींना हवंय ते इथे आहे.

पण जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं, आणि ते तिथे उभं आहे कारण खाली वासणाचा बॅरेज आहे. त्याच्या खालची साबरमती बघायला कुणी पाहुण्यांना नेत नाही. पूर्वी पात्र रुंद, वाळूचं, बहुतेक वर्ष कोरडं. त्यात शेती व्हायची, सर्कस लागायची, गुजरी बाजार भरायचा. काठावरची दहा हजारांवर कुटुंबं हलवली गेली, पुष्कळ जणांना गावाच्या टोकाला घरं मिळाली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई त्यातल्या. पूर्वी चालत यायच्या, आता दोन बस बदलून येतात. त्यांना रिव्हरफ्रंट कसा वाटतो विचारलं तर म्हणाल्या, "सारु छे, पण लांब पडतो."

स्थापत्यबुवा

रेवाताई, फार नेमकं लिहिलंत. दोन्ही नद्यांची तुलना करताना हेच सुटतं. साबरमती तिथे सपाटीवरची, मुठा सह्याद्रीच्या उतारावरून आलेली आणि धरणं डोक्यावर बसलेली. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला. रात्री विसर्ग वाढवला की काही तासांत भिडे पूल पाण्याखाली.

गोदाकाठची

नाशिककर हजर! आमच्याकडे पुराची पट्टी म्हणजे गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी कमरेला, छातीला, डोक्यावरून, एवढं सांगितलं की कुठली दुकानं आवरायची ते कळतं. आणि गोदापार्क म्हणून काठावर हौसेने बांधलेलं प्रकरण २०१६ च्या ऑगस्टच्या पुराने पार विस्कटून टाकलं. रेलिंग कुठे, फरशी कुठे. रामकुंडाच्या परिसरात तर पात्रातल्या जुन्या कुंडांवर काँक्रीट ओतलेलं, ते काढा म्हणून लोकांना कोर्टात जावं लागलं.

सांगलीकर

आमी आयर्विन पुलाचे फूट मोजतो. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं हुतं. तवा घरात बसून नदीकाठ बघितला, वेगळी वाट लागली न्हाई.

पाणसाप

@सांगलीकर, "वेगळी वाट लागली न्हाई" =)) दोन्ही अर्थाने.

नवा_गडी

इथे सगळे ज्येष्ठ दिसतात. माझं सरळ मत, सगळ्याला विरोध करायची पुणेकरांना सवय आहे. मेट्रोच्या वेळी पण पात्रात खांब नको म्हणून हरित लवादात गेलेले, आज तेच मेट्रोतून फिरतात. शहरात चालायला, सायकल चालवायला जागा नाहीये. फुटपाथवर गाड्या. नदीकाठ हा एकच सलग पट्टा उरलाय जिथे सिग्नल न लागता दहा किमी पळता येईल. मला मॅरेथॉनची तयारी करायची असते तर मी पहाटे साडेचारला गाडी घेऊन विद्यापीठात जातो. घरापासून नदी ३०० मीटर. हे वेड्यासारखं नाही का?

वाळुंज

विरोध करायची सवय होती म्हणून विठ्ठलवाडीचा पात्रातला रस्ता लवादाने काढायला लावला, भाऊ. तिथे आधी भराव टाकला होता, तुमच्यासारख्यांची सोय म्हणूनच.

नवा_गडी

तुमच्यासारख्यांची?? मी टॅक्स भरतो, नदीत राडारोडा टाकत नाही.

संपादक

दोघांनीही पाणी प्या. (नदीतलं नको.) वैयक्तिक रोख नको.

ईझारवासी

उशिरा आलो, इकडे म्युनिकमध्ये आत्ता दुपार आहे. नवा_गडी आणि वाळुंज यांचं भांडण मला मजेशीर वाटलं, कारण दोघांनाही हवं ते माझ्या घरासमोर आहे.

ईझार आल्प्समधून येते. एकोणिसाव्या शतकापासून तिला सरळ कालव्यासारखी बांधून टाकली होती, काँक्रीटचे काठ वगैरे. २००० ते २०११ या काळात शहराच्या दक्षिणेकडचे आठ किलोमीटर त्यांनी ते काठ फोडून काढले. खर्च साडेतीन कोटी युरो. पात्र रुंद केलं, उतार सपाट केले, गोटे-वाळूचे किनारे तयार होऊ दिले. मुख्य हेतू पुराचाच होता, पाण्याला जागा द्यायचा. पोहणं, बार्बेक्यू हे त्यामागून आलं. आणि कट्ट्यावरचा यांच्यासाठी: वरच्या अंगाच्या शुद्धीकरण केंद्रांमध्ये अतिनील किरणांनी जंतू मारायची सोय केली, तेव्हा कुठे लोक पाण्यात उतरू लागले.

आता वाट. सायकलीची आणि पळण्याची वाट वर, बंधाऱ्याच्या माथ्यावर, सलग. तिथून खाली नदीकडे जाणाऱ्या पुष्कळ छोट्या वाटा, काही नुसत्या तुडवलेल्या. खाली पक्कं फार थोडं. पूर आला की गोट्यांचा किनारा थोडा सरकतो, मागच्या वर्षी बसायचो ती जागा या वर्षी नसते. कुणी तक्रार करत नाही. वरच्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी डांबर नाही, बारीक खडी आणि भुकटी दाबून बसवलेली. पाणी मुरतं, गुडघ्यांना बरं.

तिरफळ

बारीक खडी आणि भुकटी म्हणजे आपला मुरूम आणि कच. रोलर फिरवला की झालं. निविदेत मात्र शोभत नाही.

पाणसाप

मुरमाला उद्घाटन नसतं हीच अडचण आहे.

चाकांवरून

मी इथे सहसा फक्त वाचते. अपघातानंतर नऊ वर्षं व्हीलचेअरवर. मुरूम मुरूम ऐकून राहवलं नाही.

कोरडा, नीट दाबलेला मुरूम मला चालतो, फरशीपेक्षाही बरा. पेव्हर ब्लॉक तर शत्रू आहेत. वर्षभरात एकेक ब्लॉक डोकं वर काढतो आणि पुढची छोटी चाकं अडकतात. पण पहिल्या पावसानंतर मुरमात घळी पडतात आणि त्या कुणी भरल्या नाहीत तर माझ्यापुरती ती वाट संपली. दुसरं, उतार. उतार एकास बाराचा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दहा फूट खाली उतरायचं तर एकशेवीस फूट, मध्ये थांबायला सपाट जागा वेगळी. आमच्या भागातल्या एका बागेत रॅम्प केलाय, तो इतका चढा की भावाला मागून दोन्ही हातांनी धरावं लागतं. शेजारी निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र मात्र झकास काढलंय.

बुवा म्हणतात तशी वाट बुडू दे. मला खालपर्यंत नाही गेलं तरी चालेल. पण वरच्या वाटेवरून पाणी दिसायला हवं, छातीएवढी भिंत नको. मी बसलेली असते हो. तुम्हाला रेलिंगवरून दिसणारी नदी मला रेलिंगच दिसते.

मावशी_बाणेर

या शेवटच्या वाक्यासाठी धागा वाचवून ठेवतेय.

नवा_गडी

चाकांवरून ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. वाळुंज, आवाज चढला, सॉरी. वर सलग वाट, खाली हात न लावता, असं असेल तर मला काहीच अडचण नाही. मला पळायचंय, पाण्याला शिवायचं नाहीये.

वाळुंज

माझंही चुकलं. फक्त वरची वाट करताना दिवे खाली तोंड केलेले, मंद आणि गुडघाभर उंचीचे हवेत. आमच्या इथे हिवाळ्यात हळदीकुंकू बदकं असतात, शेकाटे असतात, खंड्या तर बाराही महिने. येरवड्याकडच्या सालीम अली अभयारण्याजवळच्या पट्ट्यात रात्री किती पक्षी वस्तीला येतात ते पाहा. त्यांच्या डोळ्यांत हॅलोजन नको. मावशी, गुडघाभर दिव्यात चालेल का?

मावशी_बाणेर

दिवा कमी असला तर चालेल, माणूस हवा. आणि बाहेर पडायला जागा. एक-दीड किलोमीटर एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नदी, हे काय कामाचं? मागे कुणी लागलं तर? दर दोन-तीनशे मीटरवर वस्तीत निघणारी वाट द्या, चहावाला बसू द्या, शहाळंवाला बसू द्या. त्यांना हाकलून मग सुरक्षारक्षक नेमायचा उद्योग नको. आणि मुतारी. पुरुषांना कळत नाही तो मुद्दा.

कट्ट्यावरचा

चहावाल्याला पूर्ण पाठिंबा. अवांतर: बंडगार्डनचा बांध जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतला, लोकांना पाणी मिळावं म्हणून बांधलेला. म्हणजे एके काळी ते पाणी प्यायचं होतं. मी आजोबांना विचारलं तर म्हणाले, आम्ही संगमावर पोहायला शिकलो. मला वाटलं थाप.

सोनटक्का

मंडळी, आभार. काल रविवारी एक उद्योग केला. वाळुंज आणि नवा_गडी (हो, दोघेही आले, एकाच स्कूटरवरून) आणि मी, आमची वाट टोकापासून टोकापर्यंत चाललो, मोबाइलवर मोजत. दोन किलोमीटरला थोडं कमी. रस्त्यावरून काठावर उतरायच्या जागा चार. त्यातल्या दोन म्हणजे सोसायट्यांच्या भिंतीला पडलेली भगदाडं, त्यातलं एक आमच्याच सोसायटीच्या भिंतीचं. गेल्याच महिन्यात आमच्या कमिटीने ते बुजवायचा ठराव केलाय, त्यावर माझीही सही आहे. म्हशीवाले मामा भेटले. म्हणाले, वाट करा, पण म्हशी उतरतील असा एक उतार ठेवा, पायऱ्या नको. मी मनात म्हटलं, म्हैस उतरेल तिथून चाकांवरून ताईही उतरतील.

पत्राचा मसुदा असा झालाय. सलग वाट वरच, आहे त्या जमिनीच्या पातळीला, भराव नाही, रामनदीच्या तोंडाशी तर अजिबात नाही. दाबलेला मुरूम, तीन मीटर, आणि दर दिवाळीआधी घळी भरायची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवा. कठडा जाळीचा, बसलेल्या माणसाला पाणी दिसेल असा. दर अडीचशे मीटरवर वस्तीत निघणारा उतार, त्यातला निदान एक आड एक एकास बाराचा. वाळुंजाची झाडं आहेत तिथे वाट वळू दे. दिवे गुडघाभर. चहावाला राहील. खालच्या अंगाला काहीही बांधू नये.

बुवा, काही राहिलं का?

स्थापत्यबुवा

पूर ओसरल्यावर गाळ कोण काढणार आणि किती दिवसांत, ते लिहा. पेठेतल्या मनूताईंचा मुद्दा राहिला.

पेठेतली_मनू

आणि काढून टाकणार कुठे, तेही. परत नदीत नको.

सोनटक्का

लिहिलं. आता अर्ध्या पानाचं दीड पान झालंय.

पाणसाप

ते भगदाड बुजवायच्या ठरावाचं काय?

सोनटक्का

येत्या सभेत रद्द करायला मांडतोय. चेअरमन म्हणतात, चोर येतील. मी म्हटलं, म्हशी येतात, त्या जास्त जागरूक असतात.